अजून एक घास

उंदराने पोटभर खाल्लं आणि मागचा पंजा उचलून धरला.

"गेला कामातून आपला पहिलवान!" प्रयोगशाळेतली मदतनीस हसली.

हे नाव तिनेच ठेवलं होतं. सुजलेल्या पंजानिशी तो उपाशी उंदीर पिंजराभर बिनधास्त हुंदडत होता, हूं नाही की चूं नाही. आता तोच पंजा चाटत कोपऱ्यात अंग चोरून बसला. संशोधिकेला यात नवल नव्हतं. रिकामं पोट एक हार्मोन सोडतं. ते मेंदूतल्या आपल्या रिसेप्टरला जाऊन चिकटलं, की आधी अन्न शोध, दुखणं मग बघू, असा कारभार सुरू होतो. सूज काही जात नाही. पोट भरलं की ती ठणकायला लागते. तिने हातमोजे काढले आणि घरी निघाली. उंदराची दया यायला हवी होती, पण आली नाही. भाऊ गेल्यापासून तिला कशाचंच काही वाटत नव्हतं.

दारातच आत्याने तिला बाजूला घेतलं. "तुझा बाप म्हणजे दगड आहे बाई! तरणाताठा मुलगा गेला, पण डोळ्यांत टिपूस नाही. फक्त जेवत नाही."

डॉक्टरांनी बजावलं होतं, आज पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात आणा, नळी घालू.

बाबा टेबलापाशी ताठ बसले होते. तिने भाताची वाटी पुढे ठेवली. त्यांनी ती शांतपणे मागे सारली.

"नको. पोटात काही गेलं की तो आठवतो. असंच बरंय. काही वाटत नाही."

तिचा चमचा हवेतच थांबला. पहिलवानाचा पंजा तिच्या डोळ्यांपुढे आला. भरवायचं म्हणजे काय करायचं, हे त्या घरात फक्त तिलाच कळत होतं.

"बाबा, मी एकटीच उरलेय आता," ती म्हणाली. "माझ्यासाठी खा."

त्यांनी लहान मुलासारखं तोंड उघडलं. ती भरवत राहिली. ते मुकाट्याने गिळत राहिले. वाटी अर्धी झाली आणि त्यांची हनुवटी थरथरायला लागली. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

"दुखतंय गं, पोरी. फार दुखतंय."

"दुखू दे, बाबा," ती रडत म्हणाली आणि चमचा भरला. "आ करा."