खिडकीवाली खोली

प्रसेनजित जर्मनीहून वरवट बकालला आला आणि कोरोनाच्या नियमाप्रमाणे सात दिवस वेगळ्या खोलीत बसला. त्याची माय जनकाबाई दिवसभर त्याच्या खिडकीबाहेर खुर्ची टाकून. "काय खाशीन, माह्या राजा?"

थोरल्या चंद्रशेखरच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. बारा वर्षं मायचं दुखणंखुपणं त्यानं काढलं, आणि त्याला ती मागं वळूनही न बघता म्हणायची, "जेवून घे बे." तो भावाच्या खोलीकडं फिरकलाही नाही.

चौथ्या दिवशी आरोग्य केंद्राची आशाताई वही घेऊन आली. "याच्याजवळ कोण कोण गेलतं? त्यायले बी वेगळ्या खोलीत बसा लागन."

चंद्रशेखर झटकन पुढं झाला.

 

"माहं नाव लिवा, ताई. मी त्याच्या ताटात जेवलो. मले बी खिडकीवालीच खोली पाह्यजे."