समोरच्या घराचे पार्सल

खोक्यातून या वेळी कंगवा निघाला.

बाळ पेंडसे यांनी तो उजेडात धरून उलटसुलट पाहिला. मागवला होता वाचनाचा दिवा. पहिल्या खेपेस जो दिवा आला, त्याची पिन घरातल्या एकाही सॉकेटात शिरेना. दुसऱ्या खेपेस दिवा आलाच नाही. मात्र तो पोहोचल्याचे फोनवर कळवण्यात आले. आणि आता हा कंगवा. बाळासाहेबांच्या मस्तकावर गेली दहा वर्षे कंगव्याला काही काम उरले नव्हते.

"ठेवा हो," सुमेधाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "माणसानं आशा सोडू नये."

मग ती हकीकत त्यांनी स्वयंपाकघरात जाऊन फोनवर कुणाला तरी हसत हसत सांगितली.

बाळासाहेबांनी रीतसर तक्रार केली. कंगव्याचे छायाचित्र मागितले गेले. ते पाठवताच 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे' असा निरोप आला. त्या दिवसापासून फोनवरचे मेसेज वाचणेच त्यांनी सोडून दिले. पहाटेची पोथी ते पूर्वीप्रमाणे खिडकीशी बसून, अक्षराखाली बोट धरून, उजाडेल तशी वाचू लागले.

कोपरच्या त्या इमारतीत समोरच्या घरी मात्र असे कधी घडत नसे. सहदेव घाग तेथे एकटे राहत. पुण्याला असलेली त्यांची मुलगी संचिता दर आठवड्याला काही ना काही पाठवी. गुडघ्याचा पट्टा, लोकरीची टोपी, मऊ तळव्यांच्या चपला. प्रत्येक वस्तू नेमकी मापाची. सकाळी सहदेवराव पेन्शनरांच्या कट्ट्यावर जात. पार्सल यायचे असले की फोनवर आलेले चार अंक ते चिठ्ठीवर लिहीत आणि चिठ्ठी पेंडशांच्या दाराखालून सरकवून जात. बाळासाहेब पार्सल घेत, त्यावरचे नाव दोनदा वाचत आणि टेबलावर सरळ रेषेत ठेवत. अडतीस वर्षे टपालखात्यात काढलेल्या माणसाची ती सवय होती.

संध्याकाळी सहदेवराव येऊन ते तेथेच उघडत.

"बघा पेंडसे! किती वेळा सांगितलं, मला काही नको. पण पोरगी ऐकेल तर शपथ!"

"भाग्यवान आहात," बाळासाहेब म्हणत. हे दोन शब्द उच्चारून ते दर वेळी रिकाम्या खोक्याची घडी घालू लागत.

'मला काही नको' हे त्यांनीही म्हटले होते. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या मुलाने, स्वानंदने, घोडबंदर रोडला नवे घर घेतले. "बाबा, तुम्ही दोघंही चला," असे त्याने विनवले. कोपर सोडण्याच्या कल्पनेनेच संतापलेले बाळासाहेब बोलून गेले होते, "तुझ्याकडचे मला काही नको." त्यानंतर बापलेकांत एक शब्दही झाला नव्हता.

"तुम्हीच करा ना एकदा फोन," सुमेधाबाई म्हणत.

"मी रागाने नको म्हटले. त्याला एवढेही कळू नये? सहदेवरावांची मुलगी नको ऐकून थांबते का?"

"सारखं काय हो त्यांच्या मुलीचं!"

 यावर त्यांची नजर समोरच्या दाराकडे जाई.

सोमवारी सुमेधाबाई भाजीला गेल्या असताना बेल वाजली. दारात नेहमीचा पार्सलवाला दिपेश उभा होता. चाळिशीचा, हेल्मेट काखेत, आणि हातात भलेमोठे लांबट खोके.

"काका, पार्सल. चार नंबर सांगा."

बाळासाहेबांनी उंबरठ्याकडे पाहिले. चिठ्ठी नव्हती. म्हणजे आता चिठ्ठीचेही सौजन्य उरले नाही. पुन्हा त्यांनी खोक्याकडे पाहिले. एवढे मोठे आजवर कधी आले नव्हते. संध्याकाळी ते आपल्याच टेबलावर उघडले जाईल, आणि आपण पुन्हा ते दोन शब्द उच्चारू.

"समोर कुणी नाही," ते म्हणाले. "आणि मी कुणाचा द्वारपाल नाही. परत न्या."

"अहो काका, रोज तर घेता. आज काय बिनसलं?"

"ज्याच्या फोनवर अंक आले असतील, त्याला विचारा."

"तेच विचारतोय ना मी!" दिपेश वैतागला. "अजून वीस घरं बाकीयत. रिफ्यूज टाकू मग? परत नाही येणार हे, आधीच सांगतो."

"टाका."

अडतीस वर्षांची सवय मोडून बाळासाहेबांनी ते खोके हातीही न घेता दार लावले. त्यांना बरे वाटले. खिडकीशी पहाटेपासून उघडी राहिलेली पोथी मिटून ठेवीपर्यंत ते बरे वाटणे ओसरलेही होते.

तीन दिवस त्यांनी सहदेवरावांना टाळले. सहदेवराव मात्र जिन्यात भेटले की पूर्वीसारखेच हसत. पार्सलाविषयी एक अक्षर नाही. ते मौन बाळासाहेबांना सहन होईना. गुरुवारी सायंकाळी ते स्वतःच समोरच्या घरी गेले.

"सहदेवराव, माझ्या हातून अपराध घडला आहे. सोमवारी तुमचे पार्सल मी परत पाठवले. मत्सराने. दुसरे कारण नाही."

सहदेवरावांनी कप खाली ठेवला.

"माझं? छे हो पेंडसे! संचिता गावी गेलीय, नणंदेच्या लग्नाला. पंधरा दिवस काही पाठवणार नाही म्हणालेली. म्हणून तर चिठ्ठी टाकली नाही मी."

बाळासाहेब घरी आले. त्यांनी चष्मा लावला आणि फोन हाती घेतला.

"अगंबाई, आज मेसेज वाचताय?" सुमेधाबाईंनी आतून विचारले.

 सवलतींच्या जाहिराती मागे सारत ते सोमवारपर्यंत पोहोचले. सकाळच्या पहिल्या मेसेजमध्ये चार अंक होते. दुसरा त्यांनी पोथीसारखा, अक्षराखाली बोट धरून वाचला.

'वाचनाचा दिवा, नग एक. पाठवणारा: स्वानंद बाळ पेंडसे, घोडबंदर रोड. घेणाऱ्याने नाकारले. पाठवणाऱ्यास तसे कळवले आहे.'