मंगळवारच्या गोळ्या

वडनेर भोलजीच्या तानाबाईला टीबी झाला, तेव्हा तिच्या नवऱ्याला, इंद्रभानला, लागण होऊ नये म्हणून त्यालाही गोळ्या सुरू झाल्या. पूर्वी अशा गोळ्या सहा महिने रोज घ्याव्या लागत. नव्या संशोधनामुळे आता आठवड्यातून एकदाच, तेही बाराच आठवडे. पण इंद्रभानला तेवढंही जड झालं. आशाताई सुवर्णा दर मंगळवारी गोळ्या घरी आणून द्यायची, हा "जेवल्यावर घेतो" म्हणायचा आणि तिची पाठ वळली की गोळ्या थेट उकिरड्यावर.

"मले काय धाड भरली? धडधाकट मानसानं औषध काऊन खावं?"

पाचव्या मंगळवारी, नुकतीच जरा सावरलेली तानाबाई ताट वाढता वाढता म्हणाली, "तुमाले बी झालं, त मी कोनाच्या तोंडाकडे पाहू?"

त्या दिवशी जेवल्यावर इंद्रभाननं सगळ्या गोळ्या मुकाट्यानं गिळल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो धापा टाकत सुवर्णाच्या दारात उभा. "पोरी, मी काही वाचत नाही आता! लघवी पार शेंदरी होऊन राह्यली!"

सुवर्णाला हसू आलं. "घाबरू नका काका. त्या गोळ्यायनं तसंच होते."

इंद्रभानच्या जिवात जीव आला. तो मागे वळणार, तोच तिनं हाक मारली.



"पण काका, तसं त पहिल्याच मंगळवारी व्हाले पाह्यजे होतं. मंग चार आठवडे गोळ्या कोनं खाल्ल्या?"