घरचा वाफा

माहेरच्या शेतात तिच्या लेकीनं मेथीचं पान तोंडात घातलं, तशी वहिनीनं धावत येऊन ते बाहेर काढलं.

"वन्सं, इथलं नका देऊ तिला! कालच फवारलंय. घरच्यांचा वाफा वेगळा, विहिरीपाशी."

"पण दादा तर सेंद्रिय म्हणून पाठवतो! माझ्या शब्दावर सोसायटीतल्या सगळ्या आया तीच भाजी मुलांना भरवतात."

"आधी सेंद्रियच होती की. पानांना भोकं आहेत म्हणून जुड्या परत कोणी पाठवल्या? तुम्हीच ना?"

तिनं लेकीचं तोंड पुन्हा पुसलं.

निघताना दादानं गाडीच्या डिकीत हिरव्यागार जुड्या रचल्या आणि खिडकीतून छोटी पिशवी दिली. "ही भाचीची. त्यांत मिसळू नकोस."

डिकीतलं उतरव म्हणावं, तर सोसायटीत दादाची अब्रू जाते. न्यावं, तर शेजारच्या लेकरांच्या पोटात विष जातं. तिनं पिशवी मांडीवर घेतली आणि भरल्या डिकीनिशी गाडी निघाली.