बाथटबमधला कार्प

रादिमच्या काचेच्या टाकीकडे नजर गेली की द्राहोमिराबाईंना शिसारी यायची. लेकाने आफ्रिकेच्या तळ्यातले आणि अमेरिकेच्या नदीतले सिक्लिड मासे एकाच पाण्यात कोंबले होते. आफ्रिकेवाले दिवसभर त्या परक्यांचे पर नि शेपट्या कुरतडायचे. एकाचा तर डोळाच गेला होता.

"मेल्या, वेगळे ठेव त्यांना! हे बघत घास तरी कसा उतरतो तुझ्या घशाखाली?"

"आई, तुला त्यातलं कळत नाही. होईल त्यांना एकमेकांची सवय."

नाताळच्या आदल्या दिवशी, तिथल्या घरोघरच्या रीतीप्रमाणे सणाच्या जेवणासाठी बाथटबमध्ये पोहत ठेवलेला कार्प मासा मारायला बाई लाकडी हातोडी घेऊन निघाल्या, तर लेक दारात आडवा.

"आई, जीव आहे गं तो! तुला काळीज आहे की धोंडा?"

"आणि इतकी वर्षं तळलेले तुकडे ओरपताना तुझं काळीज कुठे शेण खायला गेलं होतं रे?"

रादिमने टबात हात घातला. तडफडणारा कार्प छातीशी धरून त्याने थेट आपल्या टाकीत नेऊन सोडला. "इथे सुखात राहील," म्हणाला. बाई नाक मुरडून बटाट्याचं सॅलड कालवायला बसल्या.

सॅलड कालवून होतंय तोच रादिम स्वयंपाकघरात आला. चेहरा पांढराफटक, हातात टॉवेल, टॉवेलात शेपटीच्या चिंध्या झालेला, अजून तोंड उघडमीट करणारा कार्प.



"आई… तुझ्या हातोडीने एका घावात होतं ना गं?"