पाच विरुद्ध चार

सिडकोतल्या घरी पूजा आटोपली आणि गुरुजींची नजर भिंतीवरच्या तांब्याच्या श्रीयंत्रावर गेली.

"काकू, हे उलटं टांगलंय! टोक खाली असलेले पाच त्रिकोण शक्तीचे, टोक वर असलेले चार शिवाचे. तुमच्याकडं पाचांची टोकं वर गेलीत, शिवाचंच पारडं जड झालंय."

"अगं बाई! तीस वर्षं असंच?" मनकर्णाबाईंनी नवऱ्याकडं डोळे वटारले. "तुम्हीच लावलं होतं ना? उठा, आधी सरळ करा."

सखारामभाऊ हातातला शिरा तसाच ठेवून मुकाट्यानं स्टुलावर चढले.

"चुकून झालं असेल," स्टूल धरत गुरुजी समजुतीनं म्हणाले.

सखारामभाऊ हसू दाबत खाली वाकले.

"चुकून नाय हो. नवं लग्न होतं, मुद्दामच उलटं लावलं. काहीबी फरक पडला नाय."