बाराही भरलेल्या

नगरपालिकेचे साहेब तपासणीला येणार म्हणून निवारा सांभाळणाऱ्या मावशी सकाळपासून धास्तावल्या होत्या. मनोरुग्णांना अडचणीच्या वेळी ताबडतोब ठेवून घेण्यासाठी तिथे बारा खाटा होत्या आणि नेमक्या त्या दिवशी दोन रिकाम्या होत्या. खाटा रिकाम्या दिसल्या म्हणून पलीकडच्या शहरातल्या निवाऱ्याचं अनुदान बंद झालं होतं. इथंही तसंच झालं, तर ही दहा माणसं जाणार कुठं? मावशींनी दोन्ही चादरी चुरगाळल्या, उशा दाबून खळगे पाडले आणि खाली जुन्या चपला सरकवल्या.

साहेब एकटेच आले. वही न उघडताच त्यांनी विचारलं, "एखादी खाट रिकामी आहे का हो?"

"छे छे, साहेब! बाराही भरलेल्या. दोघी अंघोळीला गेल्यात."

साहेब मटकन स्टुलावर बसले.

"मग आता मी हिला कुठं नेऊ, मावशी? खाली गाडीत बायको बसलीय माझी. चार दिवस डोळ्याला डोळा नाही तिच्या. आज गच्चीच्या कठड्यावरून कशीबशी खाली ओढली तिला."

मावशींनी दहाजणांकडे एकदा पाहिलं.

 

"दोन रिकाम्या आहेत, साहेब. आधी त्यांना वर आणा, मग वहीत काय लिहायचं ते लिहा."